सॅक्सोफोनचं खानदान, खालून वर

सॅक्सोफोन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, सोनेरी, खाली जाऊन परत वर वळलेलं, गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेलं वाद्य, आणि ते वाद्य असतं ऑल्टो नाहीतर टेनर. बाकीचे भाऊबंद आहेत हे पुष्कळांच्या गावीही नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते त्यांची ओळख करून देतात उंचीप्रमाणे, शाळेच्या ग्रुप फोटोत पोरं उभी करतात तशी. मला ती पद्धत पटत नाही. या घरात कोण आधी आलं, कुणाला काम मिळालं आणि कोण बेकार राहिलं याचा उंचीशी फारसा संबंधच नाहीये, आणि ते बघायचं असेल तर खालून सुरू करावं लागतं, खर्जापासून.

कारण थोरला बेस आहे. अडॉल्फ सॅक्स, १८१४ साली बेल्जियमच्या दिनां गावात जन्मलेला, बाप वाद्यं बनवणारा, पोरगा स्वतः चांगला क्लॅरिनेट वाजवणारा, आणि १८३८ मध्ये त्याने बेस क्लॅरिनेट सुधारून जवळपास आज दिसतो त्या रूपात आणला, म्हणजे याचं डोकं आधीपासून खालच्या सुरांतच रमलेलं. त्या काळात बँडमधे खालचा आवाज काढायला ऑफिक्लाइड नावाचं एक प्रकरण होतं, पितळी, कळा असलेलं, पण फुंकायचं मात्र ओठ थरथरवून, ट्रंपेटसारखं. त्याला क्लॅरिनेटचं तोंड लावून बघताना सॅक्सोफोन सुचला असावा असं बरेच जण मानतात. १८४२ च्या जूनमधे फ्रेंच संगीतकार बर्लिओझने पॅरिसच्या वर्तमानपत्रात या नव्या वाद्याचं भरभरून कौतुक केलं, आणि ते कौतुक या खालच्या, भारदस्त आवाजाच्या भावाचं होतं. ऑल्टोचा तिथे पत्ताच नाही. गंमत म्हणजे आज बेस सॅक्सोफोन प्रत्यक्ष बघायला मिळणं हेच मोठं नशीब.

आता हे सगळे भाऊ एका रक्ताचे कशावरून, तर नळीवरून. सॅक्सोफोनची नळी तोंडापासून शेवटपर्यंत रुंद होत जाते, शंकूसारखी. क्लॅरिनेटची नळी बहुतेक लांबी एकाच जाडीची असते आणि त्यामुळे तिथे एक विचित्र गोष्ट होते, सा वाजवत असताना वरच्या भागात उडी मारायची कळ दाबली तर वरचा सा येत नाही, थेट वरच्या सप्तकातला पंचम येतो. शंकूत तसं होत नाही, सा चा वरचा सा. म्हणून सॅक्सोफोनवर खालच्या आणि वरच्या सप्तकात बोटं जवळपास तीच राहतात, डाव्या अंगठ्याने ऑक्टेव्ह की दाबायची की झालं. शिकायला हे वाद्य सोपं वाटतं त्याचं निम्मं कारण हेच आहे. (धातूचं असूनही हे वुडविंडमधे, म्हणजे लाकडी फुंकवाद्यांत, का मोजतात असं कुणी ना कुणी विचारतंच, तर रीड, म्हणजे तोंडाशी थरथरणारी पातळ पट्टी, वेताची असते आणि आवाज तिच्यातून निघतो म्हणून, अंग पितळेचं असो नाहीतर प्लास्टिकचं. प्लास्टिकचं खरंच होतं बरं का, चार्ली पार्कर १९५३ मधे टोरंटोच्या एका गाजलेल्या मैफिलीत प्लास्टिकचा ऑल्टो वाजवून गेलाय आणि ऐकताना शंकासुद्धा येत नाही.)

पेटंट मिळालं २८ जून १८४६ ला, पॅरिसमधे. आणि सॅक्स महत्त्वाकांक्षी माणूस, त्याने एक वाद्य नाही, सात-सात वाद्यांच्या दोन रांगाच मांडल्या. एक रांग लष्करी बँडसाठी आणि दुसरी सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी. फरक पट्टीचा. बँडवाली रांग काळी दोन आणि काळी पाच, म्हणजे ई फ्लॅट आणि बी फ्लॅट, आळीपाळीने, सोप्रानिनो काळी दोन, सोप्रानो काळी पाच, ऑल्टो परत काळी दोन, टेनर काळी पाच, बॅरिटोन काळी दोन, बेस काळी पाच, असं खाली खाली. ऑर्केस्ट्रावाली रांग पांढरी चार आणि पांढरी एक, एफ आणि सी.

लष्कराने पहिली रांग उचलली. ऑर्केस्ट्राने दुसरी रांग काही घेतली नाही. झालं, एवढ्या एका गोष्टीवर अर्ध्या खानदानाचं नशीब ठरलं. आवाज वाईट होता म्हणून ते मेले असं कुणाला वाटेल तर तसं नाही, त्यांना नोकरी लागली नाही म्हणून ते मेले. रिचर्ड श्ट्राउसने १९०३ मधे पुऱ्या केलेल्या आपल्या ‘सिंफोनिया डोमेस्टिका’मधे सी आणि एफ मधले चार सॅक्सोफोन लिहिले, रावेलने १९२८ च्या ‘बोलेरो’मधे एफ मधला सोप्रानिनो मागितला, पण वाजवणाऱ्याच्या हातात ते वाद्यच नाही, मग बोलेरोतला तो भाग आज साध्या सोप्रानोवर उरकतात. स्वरलिपीच्या कागदावर भुतासारखी नावं राहिलीत फक्त.

सॅक्सचं स्वतःचंही काही बरं झालं नाही. पॅरिसच्या बाकी वाद्यवाल्यांनी कोर्टात खेचखेच खेचला, तीनदा दिवाळं निघालं, आणि १८९४ मधे गेला तेव्हा जॅझ नावाची गोष्ट अजून जन्मालाही यायची होती. आपल्या वाद्याचं पुढे काय झालं हे त्या माणसाला कळलंच नाही.

पण त्या मेलेल्या रांगेतला एक जण मधेच उठून बसला, त्याची गोष्ट मला फार आवडते. सी मेलडी. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या आसपास सॅक्सोफोनचं वेड लागलं, नुसतं वेड, आणि घरोघरी पियानो होते, गाण्यांचे छापील कागद होते. आता ऑल्टो घेतला तर पियानोच्या कागदावरून सरळ वाजवता येत नाही, कारण ऑल्टोवर सी च्या कळा दाबल्या की बाहेर निघतो ई फ्लॅट, मग सगळं मनातल्या मनात सरकवत बसा. सी मेलडीवर ती भानगड नाही, कागदावर सी तर आवाजही सी. पियानोवर बसलेल्या मावशीच्या खांद्यावरून बघून वाजवा! कॉन, ब्यूशर वगैरे कंपन्यांनी हे धडाधड बनवले, दिसायला टेनरचा धाकटा भाऊ, आवाज जरा बंद, घरगुती. आणि मग आली १९२९ ची मंदी, त्यात रेडिओ आणि ग्रामोफोन, घरात बसून स्वतः वाजवायची हौसच कमी झाली, तर १९३० च्या सुमाराला सी मेलडी परत संपला.

संपला पण जाता जाता एक काम करून गेला. फ्रँकी ट्रंबावर नावाचा वादक हाच वाजवायचा, बिक्स बायडरबेकबरोबरच्या त्याच्या १९२७ च्या रेकॉर्डिंग्जमधे तो आवाज ऐका, हलका, न ओरडणारा, वाक्य नीट पूर्ण करणारा. तो लेस्टर यंगने ऐकला आणि आपल्यावर ट्रंबावरचा परिणाम आहे हे तो स्वतः सांगायचा. लेस्टर यंग टेनरवाला. तेव्हा टेनर म्हणजे कोलमन हॉकिन्स, जाड, भरदार, हवा कापत जाणारा सूर, आणि त्याच टेनरमधून यंगने हा हलका आवाज काढला. म्हणजे पुढे टेनरवर जी एक आख्खी मऊ बोलणाऱ्यांची परंपरा झाली तिच्या मुळाशी एक बंद पडलेलं वाद्य आहे.

आता बोटांची गोष्ट, कारण या घराण्याची जाहिरात त्यावरच चालते. एक शिका, सगळे वाजवा. सोप्रानिनोपासून बेसपर्यंत लिहिलेला सी दिसला की बोटं तीच, बाहेर येणारा सूर कुठला ते वाद्य बघून घेईल. पाश्चात्त्य संगीत शिकणारे यावर गोंधळतात, तासन्‌तास चार्ट काढतात, पण ज्याच्या कानावर सरकता सा पडलाय त्याला यात काय अवघड आहे? गाणाऱ्याने काळी दोन धरली काय आणि काळी पाच धरली काय, सा तो साच. ऑल्टो हा काळी दोनचा गायक आहे आणि टेनर काळी पाचचा, इतकं साधं. बॅरिटोनवाल्यांची तर याच्या वरची एक युक्ती आहे, बेस क्लेफमधे, म्हणजे खालच्या सुरांच्या खुणेने लिहिलेला कागद समोर आला तर तो वरच्या सुरांचा ट्रेबल क्लेफच आहे असं समजायचं, तीन शार्प, म्हणजे सूर अर्ध्याने चढवायच्या खुणा, वाढवायचे आणि बिनधास्त वाजवत सुटायचं. बरोबर येतं!

पण ती जाहिरात अर्धीच खरी आहे. मी ऑल्टो वाजवते, बऱ्यापैकी वाजवते, आणि पहिल्यांदा टेनर हातात घेतला तेव्हा बोटं लगेच घरच्यासारखी पळाली पण सूर मात्र सगळे चढे. ओठ ऑल्टोच्या सवयीने आवळलेले. एक ट्रिक आहे, नुसता माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, घेऊन, वाद्याला न लावता, फुंकून बघायचा. ऑल्टोचा माउथपीस साधारण ए वर बोलायला हवा, टेनरचा जी वर, बॅरिटोनचा त्याच्याही खाली डी वर, आणि सोप्रानोचा वर सी वर. म्हणजे हात एकदा शिकले की सगळ्यांसाठी शिकले, तोंडाला मात्र प्रत्येक घरी जाऊन नव्याने ओळख करून घ्यावी लागते. श्वासाचंही तेच, ऑल्टोवर आठ मात्रांचं वाक्य एका दमात जातं, बॅरिटोनवर तेच वाक्य खालच्या सुरांतून नेताना पाचव्या मात्रेलाच फुप्फुसं हात जोडतात.

सोप्रानोबद्दल माझं मत जरा वाईट आहे, म्हणजे वाद्याबद्दल नाही, त्याच्या स्वभावाबद्दल. नळी छोटी, त्यामुळे ओठांची बारीकशी चूकसुद्धा सुरात दिसते, माफी नाहीच. सिडनी बेशेने १९१९ मधे लंडनला असताना एक सरळ सोप्रानो घेतला आणि पुढे ऑर्केस्ट्रात ट्रंपेटलाही मागे सारेल इतका दणदणीत वाजवला, पण त्याच्यानंतर कितीतरी वर्षं कुणी त्याच्या फार वाटेला गेलं नाही. स्टीव्ह लेसीने मात्र जवळजवळ आयुष्यभर तोच एक धरून ठेवला. मग १९६० मधे जॉन कोल्ट्रेनने एका साध्यासुध्या ब्रॉडवे वॉल्ट्झवर सोप्रानो लांबच लांब वाजवला आणि अचानक सगळ्या टेनरवाल्यांना तो हवा झाला. आणि हो, केनी जी. नाकं मुरडणारे मुरडोत, १९९७ मधे त्याने एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरला होता, गालातली हवा बाहेर ढकलत नाकाने श्वास घेत. संगीत म्हणून त्याचं काय करायचं ते मला सांगता येणार नाही, दम म्हणून सलाम.

ऑल्टोचं फार सांगत नाही, त्याला सगळे ओळखतात. एवढंच, की कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीत वाजवायला जो निवडला तो ऑल्टोच, आणि कळांच्या वाद्यावर गमक काढणं म्हणजे काय हे जो वाजवतो त्यालाच कळेल. कळ उघडते किंवा बंद होते, मधे काही नसतं, मधलं सगळं जबडा, ओठ आणि घसा यांनी करायचं.

बॅरिटोनपाशी मात्र मी थांबणार. पाच-सहा किलोचं धूड, वरती नळीला एक वेटोळं, त्या वेटोळ्यात श्वासाचं पाणी साचतं आणि ऐन हळव्या जागी बुडबुड आवाज येतो, ते काढायला तिथे एक छोटी कळही असते. बिग बँडमधे सॅक्सोफोन पाच, दोन ऑल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन, आणि बॅरिटोन बहुतेक टोकाला बसलेला. लोकांना वाटतं हा फक्त तळ भरायला आहे. हॅरी कार्नी ऐका. १९२७ मधे, वयाच्या सतराव्या वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधे शिरला आणि १९७४ मधे एलिंग्टन जाईपर्यंत तिथेच, आणि त्याच वर्षी काही महिन्यांत तोही गेला. दौऱ्यावर एलिंग्टन बँडच्या बसमधे न बसता कार्नीच्या गाडीत बसायचा, गाडी चालवणार कार्नी. सत्तेचाळीस वर्षं! एलिंग्टन त्याला नेहमी मूळ सुरावर खिळवून ठेवायचा नाही, कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, मधल्या, खुपणाऱ्या सुरावर बसवायचा, आणि तो सूर इतक्या खालून, इतका गडद यायचा की आख्ख्या बँडचा रंगच बदलायचा. एकदा हे कानाला कळलं की मग एलिंग्टनची रेकॉर्ड लावली की माझा कान आपोआप टोकाच्या खुर्चीकडे जातो, ट्रंपेटवाले काय करतायत ते नंतर.

दुसरा जेरी मलिगन. १९५२ मधे लॉस एंजेलिसला त्याने चार जणांचा बँड केला, बॅरिटोन, चेट बेकरचा ट्रंपेट, डबल बेस आणि ड्रम्स. पियानो नाहीच. पियानो काढल्यावर मधे मोकळी जागा झाली आणि एवढं अवजड वाद्य त्या जागेत हळूच बोलायला लागलं, कधी पुढे येऊन, कधी ट्रंपेटच्या पाठीमागे उभं राहून. जुन्या बॅरिटोनवर सगळ्यात खालचा सूर बी फ्लॅटचा असायचा, आता बहुतेकांवर नळी थोडी लांबवून ए दिलेला असतो, तो प्रत्यक्षात ऐकू येतो सी म्हणून, साधारण ६५ हर्ट्झ. काही जुने वादक कुरकुरतात की त्या लांबवण्याने आवाजातली मजा गेली. मी दोन्ही वाजवलेत, मला कुरकुर पटते.

त्याच्या खाली बेस, म्हणजे आपला थोरला. १९२० च्या दशकात याला थोडे दिवस बरे आले होते, डान्स बँडमधे ट्यूबाच्या जागी, डबल बेसच्या जागी हा असायचा, आणि एड्रियन रोलिनी त्यावर असा चपळ सोलो वाजवायचा की हे एवढं मोठं वाद्य आहे हे सांगावं लागतं. मग तिथे डबल बेस पक्का बसला आणि थोरल्याची नोकरी परत गेली.

आणखी खाली उतरलं की काँट्राबेस, जवळपास माणसाएवढा उंच, सगळ्यात खालचा सूर साधारण ३५ हर्ट्झ. पूर्वीचे जे थोडेफार बनले होते ते आवाजाने ढिले म्हणून बदनाम. मग म्युनिकच्या बेनेडिक्ट एपेल्सहाइमने १९९९ मधे ट्यूबॅक्स काढला, तीच पट्टी, पण नळी बरीच बारीक आणि जास्त वेढे घातलेली, त्यामुळे आटोपशीर. तो सॅक्सोफोनच म्हणायचा का यावर वाद घालणारे घालतात. त्याच एपेल्सहाइमने पुढे २०१२ मधे पूर्ण आकाराचा सबकाँट्राबेस बनवला, म्हणजे सॅक्सने जे नुसतं योजून ठेवलं होतं ते दीडशेहून जास्त वर्षांनी उभं राहिलं. त्याचा तळ २६ हर्ट्झ, पियानोच्या सगळ्यात खालच्या सुरापेक्षाही अर्धा सूर खाली, आणि माणसाला ऐकू येणं साधारण २० ला संपतं. तिथे रीडचा एकेक फटका सुटासुटा जाणवायला लागतो. वरचं टोकही त्यानेच गाठलं, सोप्रिलो, सोप्रानोच्या एक सप्तक वर, माउथपीस धरून जेमतेम फूटभर, आणि नळी इतकी आखूड की ऑक्टेव्हचं भोक माउथपीसमधेच पाडावं लागलं. तो वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, इतकी ओठांची शिक्षा.

आणि मग रोलंड कर्क. लहानपणीच दृष्टी गेलेला हा माणूस तीन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरायचा, टेनर, एक सरळ केलेला ऑल्टो ज्याला तो स्ट्रिच म्हणायचा, आणि सोप्रानोच्या जातीचा मॅन्झेलो. ऐकण्याआधी सर्कस वाटते, ऐकल्यावर वाटत नाही, तिघांचं मिळून कॉर्ड व्यवस्थित लागतं. १९७५ मधे अर्धांगाचा झटका आला तर वाद्यात फेरफार करून घेतले आणि एका हाताने वाजवत राहिला, १९७७ मधे जाईपर्यंत.

मी एकच चांगली जागा सांगेन या सगळ्यांना एकत्र ऐकायची, ती म्हणजे सॅक्सोफोन क्वार्टेट, सोप्रानो ऑल्टो टेनर बॅरिटोन. मार्सेल म्यूलने १९२८ मधे फ्रान्समधे गार्द रेपब्लिकेन बँडच्या वादकांमधून पहिलं नावाजलेलं क्वार्टेट उभं केलं, लष्करी बँडचीच माणसं, आणि वाजवणार काय तर चेंबर म्युझिक. ज्या गंभीर संगीताच्या दारातून सॅक्सची ती दुसरी रांग परत पाठवली होती त्याच दारातून पहिल्या रांगेतले चौघं आत गेले. १९७६ मधे वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट आलं, तिथे ड्रम्स नाहीत, बेस नाही, सगळा ठेका हॅमिएट ब्लूइएटच्या बॅरिटोनवर तोललेला. ऐकताना वरच्या सोप्रानोच्या मागे धावू नका, सवयीने कान तिकडेच जातो, आधी बॅरिटोन पकडा, मग टेनर, वरचे दोघं आपोआप सापडतात.

नवीन शिकणारे विचारतात कुठला घेऊ, तर मी ऑल्टोच सांगते, वजन मानेला झेपतं, बोटं पोचतात, सूर फार छळत नाही, आणि सोप्रानोने सुरुवात कुणी करू नये. वर्षभराने बॅरिटोन मिळाला कुठे तर सोडू नका. आणि कुणी जुना अमेरिकन “छोटा टेनर” फार स्वस्तात देत असेल तर मागे नंबराच्या आसपास सी कोरलाय का ते बघा, बऱ्याचदा असतो. तिथेच एल किंवा एच असं अक्षर सापडलं तर तेही वाचा, एच म्हणजे जुनी चढी पट्टी, ए ४४० च्या, म्हणजे आजच्या प्रमाण पट्टीच्या, बरीच वर, तो कुणाबरोबरच सुरात लागणार नाही. सी असेल आणि एल असेल तर खुशाल घ्या, फक्त त्याला टेनरचा माउथपीस लावून आवाज मोठा करायच्या भानगडीत पडू नका, ट्रंबावर ऐका आधी.